बोटीपुढची गाडी

दिग्रसमध्ये बोट कुणी पाहिली होती हो! कापूस पाहावा, सरकी पाहावी, जिनिंगच्या भिंतीवरून उडत येऊन बरोबर आपल्याच चहाच्या कपात पडणारा रुईचा पुंजका पाहावा. पण पुसद रोडवर, कलीम मिस्त्रींच्या गॅरेजसमोर, लाकडाच्या ठोकळ्यांवर चढून बसलेली ती हिरवीगार लोखंडी बोट म्हणजे अख्ख्या गावाला फुकटचा तमाशा झाला होता. येणारेजाणारे गाड्या हळू करत. एसटीतले लोक खिडकीतून माना बाहेर काढत. एक जाड्या कंडक्टर तर रोज दारात लटकून ओरडायचा, "मिस्त्री, गोव्याले कवा निंगाची हे?"

कलीम मिस्त्री वर बघायचेसुद्धा नाहीत. उत्तर द्यायची त्यांची पोरगी, जेबा. "तुमची एसटी बुडली की निंगते, काका!"

अशी उत्तरं जेबाला आत्ताआत्ताच यायला लागली होती. वर्षभरापूर्वीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी देतानाही लाजायची. 'हजर' हा एवढासा शब्द तिच्या घशात बोरासारखा अडकायचा. मग अकरावीत गेल्यावर बाईंनी तिला जबरदस्तीनं वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं. तिनं तोंड उघडलं आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, आतून जणू दुसरीच कोणी बोलायला लागली. पहिला नंबर! तेव्हापासून जेबाला वाटायचं, जगातली कुठलीही गोष्ट नीट बोलून दाखवली की होते.

एक गोष्ट सोडून. अब्बांची.

झालं होतं ते मागच्या पावसाळ्यात. दिग्रसपासून आत, धारटाकळी नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या कडेनं नाला जातो. उन्हाळ्यात त्यात म्हैस भिजत नाही, आणि पावसाळ्यात धरणाचं पाणी मागं फुगलं की तोच नाला नदीसारखा अंगावर येतो. धर्मपाल काका तिथले. त्यांचं पंपाचं इंजिन दर दोन महिन्यांनी बिघडायचं, त्यामुळे ते अब्बांचे गिऱ्हाईक कमी आणि दोस्त जास्त झाले होते. त्या दिवशी ते पल्याडच्या वावरात बैल सोडायला गेले आणि पाणी चढलं. काका बाभळीवर चढले. गावातून फोन आला तो अब्बांनाच. अब्बांनी धरणावरच्या मासेमारांची डोंगी मागून आणली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि निघाले. पण ट्रॅक्टर तो ट्रॅक्टर! वावरात वाघ आणि डांबरी रस्त्यावर कासव. धडधड धडधड करत ते पोचले तेव्हा बाभूळ होती. काका नव्हते.

काकांची बायको, नलू काकू, काठावर उभी होती. बोलले गावातले लोक, तेही अर्धंच: "मिस्त्री आले, पन..." पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही, आणि ते अर्धं वाक्य अब्बांनी घरी आणलं. जेवताना ते ताटात असायचं. नलू काकू बाजाराच्या दिवशी गॅरेजवरून गेली की अब्बा पाना शोधायच्या निमित्तानं मागच्या खोलीत शिरायचे आणि ती लांब गेल्यावरच बाहेर यायचे. रमजानच्या ईदला धारटाकळीचे लोक शिरखुर्म्याला आले, तर हा माणूस घरातच नाही!

मग एक दिवस त्यांनी जाड पत्रा आणला आणि बोट जोडायला घेतली. एकदा तरी वेळेवर पोचायचं. बाकी त्यांना काही नको होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या उजेडात जेबाला त्यांच्या तोंडावर वाचता यायचं.

बोट झाली. तिच्याखाली दोन चाकांची ट्रॉली झाली. आता पुढे जुंपायला गाडी हवी होती. ट्रॅक्टर नको, हे तर सगळ्यांचं आधीच ठरलेलं. पिकअप हवी. जिनिंगमध्ये कापसाची खरेदी बघणारे पूनमसिंग पुढे झाले, चार गावच्या लोकांचं मंडळ झालं, आणि गाडी निवडायचा दिवस उजाडला.

जिनिंगच्या सिमेंटच्या अंगणात दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. लग्नाला दोन नवरदेव आल्यावर मांडवात जसं होतं, तसं झालं.

पांढरी आली होती नेरवरून, हाफिज नावाच्या माणसाची. दारं वाजणारी, एक डोळा फुटलेली, जंगलातल्या ठेकेदाराकडे राबलेली. "दिसाले अशी हाय," हाफिज म्हणाला, "पन चारही चाकं ओढते, भाऊ. पुढचेबी."

निळी होती दिग्रसचीच. कापूस वाहून वाहून तयार झालेली, धुऊनपुसून चकचकीत, ओढणारी चाकं दोनच, मागची, आणि त्यांच्यावर स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची अशी जाड चळत की लोक वाकूनवाकून बघत होते.

आता दिग्रसमध्ये गाडी कशी पारखतात? लादून! इथे जन्मलेल्या माणसाला गाडीबद्दल एकच प्रश्न माहीत असतो: माल किती घेते? पूनमसिंगांनी हात वर केला आणि सरकीची पोती धपाधप पांढरीच्या हौद्यात पडू लागली. थोडी पोती झाली आणि पांढरीचा मागचा भाग खाली गेला.

"बसली रे बसली!" कुणीतरी ओरडलं. "गाभन म्हैस बसते तशी बसली!"

हसू काय उसळलं! हाफिजसुद्धा हसला, बिचारा.

मग तीच पोती निळीत. आणखी पोती. आणखी. वर एक माणूस. निळी हलेना. पूनमसिंगांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "पाटे पाहा पाटे! याले म्हनतात गाडी."

अब्बा मात्र पांढरीच्या खाली गुडघ्यावर बसून पुढच्या चाकांकडे बघत होते. कपड्याला हात पुसत उठले. "पूनमभाऊ, आपल्याले गाडीत काई टाकाचं नाई ना. मांगून ओढाचं हाय फक्त."

"ओढाचं काय अन् लादाचं काय, मिस्त्री! वजन ते वजन."

"तसं नाई... पान्याच्या काठावर रिकामी गाडी..." अब्बा थांबले. त्यांनाही पुढचं नीट माहीत नव्हतं. त्या अंगणात कुणाच्याच सात पिढ्यांनी गाडीनं बोट पाण्यात सोडली नव्हती. "पुढचे चाकं ओढते तं बरं राहीन, असं वाटते मले."

"वाटते!" पूनमसिंग म्हणाले. "कायले वाटते ते तं सांगा."

मग दोन्ही गाड्यांना बोट जोडून पुसद रोडवर फिरवून आणली. जेबाचा चुलतभाऊ मोईन चालवत होता, जेबा शेजारी. पांढरी चढावर धापा टाकायला लागली, दम्याच्या आजोबांसारखी. निळी? निळी उडाली! मागं बोट आहे हे तिला कुणी सांगितलंच नसावं. परत आल्यावर जेबाचे गाल लाल झाले होते आणि ते आतलं 'दुसरीच कोणी' जागं झालं होतं. ती सरळ सरकीच्या पोत्यावर चढून उभी राहिली.

"मी बोलू?"

"बोल ना वं, वकीलसाहेब," पूनमसिंग म्हणाले.

"मागच्या वर्षी आपल्याजवळ बोट होती. माणसं होती. हिंमत होती. काय नव्हतं? वेळ! वेळेवर पोचलो असतो, तर धर्मपाल काका आज या अंगणात उभे असते. मग गाडी कोणती घ्यायची, हा प्रश्नच कुठे येतो? जी वेळेवर पोचवते ती!"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, शाळेत पडतात तशा औपचारिक नाहीत. जेबानं अब्बांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होते, आणि तिला वाटलं, काय अभिमान आहे अब्बांच्या डोळ्यांत!

"निळी," अब्बा म्हणाले. "ठीक हाय. निळीच घ्या."

जो माणूस उशिरा पोचला, त्यानं भर अंगणात हळू चालणारी गाडी मागावी तरी कोणत्या तोंडानं, हे जेबाच्या डोक्यात आलंच नाही. टाळ्यांत माणसाला फारसं काही सुचत नाही.

मे महिन्यात धारटाकळीला तालीम झाली. नाल्यावरच्या पुलाजवळ पाणी दगडाच्या खांबांवर आपटतं, तिथे बोट सोडली तर तिचा चुरा होईल. म्हणून वरच्या अंगाला नलू काकूच्या वावरातून उतारानं पाण्यापर्यंत जायचं, हे ठरलेलं. काळी माती तेव्हा दगडासारखी झाली होती. भेगा एवढ्या की जेबाची चप्पल एकीत गेली आणि ती कोपरापर्यंत हात घालून काढावी लागली. खाली डोहात थोडं हिरवट पाणी.

आता वाचवायचं कुणाला? तालमीला एक बुडणारा माणूस तर हवा! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अपशकुनाला कोण तयार होणार? तर उकंडाजी पुढे आले. हे बकऱ्या चारणारे म्हातारबा, पल्याडच्या टेकाडावर टिनाच्या खोपडीत एकटेच राहायचे. डोक्याला लाल गमछा, तोंडात दोन दात, पण त्या दोन दातांनी असे हसायचे की बत्तीसवाल्यांनी लाजावं.

"मले बुडवा," ते म्हणाले. "माह्यामांगं रडाले बकऱ्याच हायेत."

ते डोहापलीकडच्या दगडावर जाऊन बसले आणि गमछा हलवत जे ओरडायला लागले! "वाचवा रे बाप्पा! मेलो रे बाप्पा! माह्या बकऱ्या पोरक्या होतीन रे!" लोक हसूनहसून वाकले. जेबा पाण्याच्या कडेला उभी राहून मोईनला हातानं खुणा करत होती: ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे. हे तिला सगळ्यांत आधी जमलं होतं. निळी सुरसुर मागं आली, ट्रॉली पाण्यात शिरली, बोट अल्लद तरंगली. अब्बांनी बोटीच्या इंजिनाची दोरी ओढली आणि म्हातारबांना घेऊन आले, राजासारखे मध्ये बसलेले.

उतरताना त्यांनी जेबाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, खरा पूर आला तं पयले मलेच काढजो. माहा नंबर लागून हाय आता."

"पक्कं, आजोबा! तुमचं रिझर्वेशन झालं."

"पयला नंबर हं," त्यांनी छातीवर थाप मारून एक बोट वर केलं.

सगळे खूश होते. अब्बासुद्धा. नलू काकू बांधावर उभी होती, ती मात्र लवकर घरी गेली. आणि त्या सगळ्या लोकांत असा एकही नव्हता, ज्यानं पावसाळ्यात त्याच काळ्या रानात बैलबंडी फसलेली बघितली नव्हती. प्रत्येकानं कधी ना कधी चिखलात खांदा लावलेला. पण ती बंडी होती, शेतीची गोष्ट. ही बोट होती, पाण्याची गोष्ट. सगळ्यांनी पाण्याचाच विचार केला. रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये माती असते, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस लागला तो लागलाच. शाळेला सुटी दिली. सकाळी अब्बा चहा पीत होते आणि फोन वाजला. धारटाकळी. पाणी टेकाडावर चढतंय. उकंडाजी खोपडीच्या टिनावर आहेत.

चहाचा कप तसाच राहिला. बोट जोडलेलीच होती. पाऊस लागल्यापासून अब्बा ती सोडतच नव्हते. मोईन स्टेअरिंगवर, अब्बा दाराशी, आणि मध्ये जेबा. तिला कुणी चल म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. मागं मोटारसायकलवर पूनमसिंग.

निळी पळाली. काय पळाली! पाण्याचे दोन पंख बाजूला उडत होते, वाटेतले ट्रॅक्टर मागं पडत होते, आणि प्रत्येक ट्रॅक्टर मागं पडला की जेबा मनात म्हणायची, बघा! बघा! अब्बांचे ओठ हलत होते, दुआ म्हणत असावेत.

धारटाकळीच्या वळणावरून नाला दिसला. नाला नव्हताच तो. तांबडं, फिरणारं, झाडं घेऊन चाललेलं काहीतरी होतं. त्याच्या मधोमध टिनाचा एक तुकडा आणि त्यावर लाल ठिपका.

"आहेत!" जेबा किंचाळली. "अब्बा, आहेत! अजून आहेत ते!"

अब्बांनी काचेवरचं पाणी हातानं पुसलं, पाऊस बाहेरून होता तरी. मग त्यांच्या तोंडावर ते आलं, जे जेबानं वर्षभर बघितलं नव्हतं. हसू म्हणता येणार नाही त्याला. वेळेवर पोचलेल्या माणसाचा चेहरा म्हणू या.

उकंडाजींना निळी दिसली. ते टिनावर उभे राहिले. काखेत एक पाटरू, बकरीचं पिल्लू, दाबून धरलेलं. आवाज येत नव्हता, पाण्याची घरघर एवढी होती. पण त्यांनी छातीवर थाप मारली आणि एक बोट वर केलं. माझा नंबर!

जेबानं पण दोन्ही हात वर करून दाखवले. हो! हो! आलोच!

मोईननं गाडी नलू काकूच्या वावरात घातली. वळवली. जेबा खाली उडी मारून मागं धावली, पाय घोट्यापर्यंत आत गेले, तिनं खुणा सुरू केल्या. "ये! ये! डावीकडे! ये!" निळी थोडी मागं आली. आणखी थोडी. पाणी समोर दिसत होतं, एखाद्या अंगणाएवढ्या अंतरावर.

मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"ये ना, भाईजान!"

"येऊन राह्यलो ना!"

चाकं फिरत होती आणि गाडी येत नव्हती. काळ्या गाऱ्याचे गोळे उडून जेबाच्या तोंडावर आले. रिकामा हौदा वर हलका हलका थरथरत होता. ते जाड, प्रसिद्ध पाटे वाकायचं नाव घेत नव्हते, कारण त्यांना वाकवायला वर काहीच नव्हतं. दिग्रसची सगळ्यात ताकदवान गाडी, आणि तिची मागची चाकं पिसासारखी जमिनीवर टेकलेली!

जेबाला ते एकदम दिसलं. जिनिंगचं अंगण दिसलं, पोती दिसली, पांढरीखाली गुडघ्यावर बसलेले अब्बा दिसले. "पान्याच्या काठावर रिकामी गाडी..." ते वाक्य अब्बांना तेव्हा पुरं करता आलं नव्हतं, ते आता समोर चिखलात पुरं होत होतं.

"हौद्यात चढा!" ती ओरडली. "वजन टाका! सगळे चढा!"

काठावर जमलेले लोक धावले. गडी, बाया, पूनमसिंग, ज्याला जिथे धरायला मिळालं तो तिथे लटकला. हौदा भरला. चाकांनी माती धरली. निळी हातभर मागं आली आणि लोकांच्या तोंडून मोठा आवाज निघाला. टिनावर उकंडाजींनी गाठोडं उचलून खांद्याला लावलं, एसटी दिसल्यावर माणूस पिशवी उचलतो तसं.

हातभर. तेवढीच. मग त्याच वजनानं ती खाली जायला लागली. चाकं अर्धी बुडाली, मग पुरी, मग पोट मातीला टेकलं. इंजिन ओरडलं, जळका वास आला आणि मोईननं हात सोडले.

"बसली," तो म्हणाला. "चाचा, बसली."

कुणी हसलं नाही.

अब्बा तोवर बोटीला भिडले होते. दोर कापला. "उचला! उचलून नेऊ!" पण बोट कलीम मिस्त्रींनी बनवली होती. जाड पत्र्याची, काही झालं तरी फुटू नये अशी. माणसांचे पाय आत जात होते, हात घसरत होते. बोट ट्रॉलीवरून खाली आली आणि तिचं तोंड चिखलात असं रुतलं, जणू तिथंच तिला पुरायचं ठरलं होतं. कुणीतरी गावात ट्रॅक्टर आणायला पळालं. ट्रॅक्टर!

पलीकडे उकंडाजी हे सगळं बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं, तेच वाईट. थोडा वेळ ते गाठोडं घेऊन उभेच होते. मग त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. मग बसले. डोक्याचा गमछा सोडून त्यांनी तो पिल्लावर पांघरला, कारण पाऊस जोरात होता. जेबा हात हलवत राहिली. त्यांनी परत बोट वर केलं नाही.

खोपडी पडताना आवाज झाला नाही. टिन एका बाजूला कललं, उलटं झालं, एकदा चकाकलं आणि तिथे नुसतं पाणी उरलं. तांबडं, एकसारखं.

ट्रॅक्टर आला. त्यानं बोटीला साखळी लावली आणि एका झटक्यात पाण्याशी नेऊन सोडली. इतकं सोपं होतं ते. अब्बा आणि मोईन बोटीत बसले. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. बोट फार छान चालली. पुराच्या पाण्यात नाक वर करून, जराही न डगमगता, अब्बांनी जशी मनात धरली होती अगदी तशी. ते टेकाडाच्या जागेभोवती फिरले, खाली झाडांपर्यंत गेले, परत वर आले, परत फिरले. लोक काठावरून म्हणत होते, आता या, मिस्त्री, आता या. शेवटी ते आले. बोटीत काही नव्हतं.

अब्बा उतरले आणि समोर नलू काकू उभी होती. या वेळी मागच्या खोलीत शिरायला गॅरेज नव्हतं. सगळीकडे वावरच वावर, तेही तिचंच.

नलू काकूनं त्यांच्याकडे बघितलं. डोक्यावर घेतलेलं खताचं रिकामं पोतं नीट केलं.

"औंदा लवकर आलते तुमी, मिस्त्री," ती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला माणूस काहीतरी उत्तर देतो. ती खरंच तेवढंच सांगत होती, आणि सांगून घरी गेली.

उकंडाजी दुसऱ्या दिवशी सापडले, खूप खाली. त्यांच्या उरलेल्या बकऱ्या कुणीकुणी वाटून नेल्या.

मंडळाची बैठक झाली जिनिंगमध्ये. कुणी म्हणालं टायर बदला, कुणी म्हणालं बोट हलकी करा, कुणी म्हणालं ट्रॅक्टरच धारटाकळीला ठेवून द्या. मग दुसरा म्हणाला, अन् पूर दुसऱ्या गावाले आला तं? पांढरीचा विषय निघाला, तर हाफिजनं ती कधीच विकून टाकली होती. आणि पांढरी असती तर उतरली असती का? पूनमसिंग म्हणाले, उतरली असती. मोईन म्हणाला, चढावरच राहिली असती, पोचलीच नसती. कुणालाच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "पोरगी बोलीन काई?" सगळ्या माना वळल्या. सरकीची पोती तिथेच होती, चढून उभं राहायला. जेबानं मान हलवली. नाही.

पाऊस थांबायची काही लक्षणं नव्हती. त्या संध्याकाळी धरणाकडच्या बाजूला परत काळं भरून आलं आणि अब्बांनी निळीला बोट जोडली. दुसरी गाडी होती कुठे? मग त्यांनी गॅरेजमागची रेतीची पोती एकेक करून हौद्यात टाकायला सुरुवात केली. चाकांनी माती धरावी म्हणून. बरीच टाकली. पाटे थोडे वाकले. अब्बांनी खाली बसून चाकांकडे बघितलं, खूप वेळ. मग उठले आणि तीच पोती एकेक करून खाली उतरवायला लागले. वजनानं रुतू नये म्हणून.

जेबा दारात उभी होती. पुसदची एसटी गेली. दारात तोच कंडक्टर होता. बोटीकडे बघून त्यानं मान आत घेतली.

शेवटची काही पोती हौद्यात राहिली तेव्हा अब्बा थांबले. एका पोत्यावर हात ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं. मंडळातल्या लोकांनी विचारलं तसं नाही. खरोखर विचारायचं होतं त्यांना.

"ठेवू का काढू, बेटा?"

जेबानं तोंड उघडलं. आत कुणीच नव्हतं. ती पावसात गेली, पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि उभी राहिली. दोघांनी पोतं उचलून धरलं होतं. ते आत टाकायचं की बाहेर, हे दोघांनाही माहीत नव्हतं. रेती ओली होऊन जड होत चालली होती.